फ्लूची कॅप्सूल कंपवातात

अमँटाडिन या औषधाच्या माहितीत दोन आजारांची नावं अजूनही शेजारीशेजारी छापलेली आढळतात: कंपवात (पार्किन्सन्स) आणि इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू. पहिला आजार बहुतेकदा उतारवयात हळूहळू येतो आणि जन्मभर सोबत राहतो. दुसरा चार दिवस अंथरुणाला खिळवतो आणि बहुतेकांच्या बाबतीत आठवड्याभरात निघून जातो. दोन्हींवर एकच शंभर मिलिग्रॅमची कॅप्सूल कशी, असं कुणालाही वाटेल.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. इथल्या माणसाच्या कंपवाताचं निदान बहुधा ठाण्याला किंवा मुंबईत केईएम, जेजे, सायनसारख्या रुग्णालयात होतं. नंतर महिनोन् महिने औषध मात्र नाक्यावरच्या मेडिकलमधून येतं, आणि ताप-खोकला झाला की पाय गल्लीतल्या दवाखान्याकडे वळतात. मेंदूच्या डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते तापाच्या डॉक्टरांना ठाऊक नसतं, कारण ती चिठ्ठी घरी गादीखाली असते. घरात कॅप्सूल आहे, माहितीत फ्लूचं नाव आहे आणि नातवाला सर्दी-ताप आहे, एवढं जुळून आलं की आजोबांची कॅप्सूल नातवाला दिली जायला वेळ लागत नाही.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. फ्लूवरचा उपयोग आज कागदावरच उरला आहे. त्यासाठी हे औषध घेऊ नये. कंपवातातला उपयोग खरा आहे आणि अनेकांचे दिवस त्यानं सुसह्य केले आहेत. पण कंपवातातही हे औषध किती चांगलं आणि किती घातक, हे कॅप्सूलपेक्षा ती घेणाऱ्याची मूत्रपिंडं आणि सोबतची इतर औषधं ठरवतात.

या औषधाची जन्मकथा विलक्षण आहे. १९३३ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात होडोनिन इथल्या खनिज तेलात स्टानिस्लाव लांडा या रसायनशास्त्रज्ञाला एक पदार्थ सापडला. त्यातल्या कार्बनच्या अणूंची रचना हिऱ्यातल्या रचनेसारखी होती, म्हणून त्याचं नाव अॅडमँटेन. त्याला एक नायट्रोजनचा गट जोडला की अमँटाडिन तयार होतं. ड्यू पाँट या अमेरिकी कंपनीत ते फ्लूच्या विषाणूला रोखतं असं दिसून आलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेत आशियाई फ्लूच्या प्रतिबंधासाठी त्याला परवानगी मिळाली. विषाणूवर तोंडानं घ्यायची औषधं तेव्हा जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे ही घटना मोठी होती.

१९६८ च्या एप्रिलमध्ये बोस्टनमधल्या कंपवाताच्या एका ५८ वर्षांच्या रुग्ण बाईंनी आपल्या डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली. फ्लू होऊ नये म्हणून त्या दिवसातून दोनदा शंभर मिलिग्रॅम अमँटाडिन घेत होत्या. तेवढ्या काळात त्यांची थरथर, अंगाचा ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा खूपच कमी झाला. सहा आठवड्यांनी औषध थांबवल्यावर सगळं परत आलं. डॉक्टर होते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे रॉबर्ट श्वाब. योगायोग म्हणून त्यांनी ती गोष्ट सोडून दिली नाही. १६३ रुग्णांना त्यांनी ते औषध देऊन पाहिलं, त्यांतल्या ६६ टक्क्यांना फरक पडला आणि १९६९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये कंपवातासाठी अधिकृत मान्यता मिळाली. वैद्यकाच्या इतिहासात अशा किती गोष्टी रुग्णांनी सांगितल्या आणि कुणी ऐकल्या नाहीत याची गणती नाही. ही ऐकली गेली. आपल्या शरीरात औषधानं काय घडलं ते रुग्णानं बारकाईनं पाहावं आणि डॉक्टरांना सांगावं, याचं मोल मला या एका प्रसंगात सगळ्यात जास्त दिसतं.

फ्लूवर आणि कंपवातावर ते काम करतं ते मात्र दोन अगदी वेगळ्या वाटांनी. फ्लूचा विषाणू आपल्या पेशीत शिरल्यावर त्याला आपलं कवच उघडून आतलं जनुकीय द्रव्य बाहेर काढावं लागतं. त्यासाठी त्याच्या आवरणातल्या एम२ नावाच्या बारीक छिद्रातून आम्लता आत जावी लागते. अमँटाडिन ते छिद्र बुजवतं, म्हणून विषाणू उघडतच नाही. इन्फ्लुएन्झा बी जातीच्या विषाणूवर ही युक्ती पहिल्यापासूनच चालत नव्हती. ए जातीवर चालत होती, पण एम२ प्रथिनाच्या एकतिसाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं की कॅप्सूल निकामी होते, आणि विषाणूनं नेमका तोच बदल करून घेतला. आशियात काही देशांत हे औषध सर्दीच्या मिश्र गोळ्यांत घालून सर्रास विकलं जात होतं. चीनमध्ये कोंबड्यांनाही दिलं गेलं. २००५-०६ च्या हंगामात अमेरिकेत तपासलेल्या एच३एन२ जातीच्या १२० नमुन्यांपैकी १०९ नमुन्यांतले विषाणू या औषधाला दाद देत नव्हते. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेनं फ्लूसाठी ते वापरू नका, असं डॉक्टरांना कळवलं.

तीन वर्षांनी स्वाइन फ्लू आला. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, तोंडाला रुमाल बांधलेलं पुणं त्या महिन्यात साऱ्या देशानं पाहिलं. तो नवा एच१एन१ विषाणू आला तोच अमँटाडिनला न जुमानणारा. तेव्हा उपयोगी पडलं ते ऑसेल्टामिव्हिर, लोकांच्या तोंडी बसलेलं टॅमिफ्लू. आजही डॉक्टरांना फ्लूवर विषाणूविरोधी औषध द्यावंसं वाटलं तर ते तेच देतात, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा लाभ सर्वाधिक. वयस्कर माणसं, गरोदर बाया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले लोक यांनी फ्लूच्या साथीत ताप आल्यावर घरी वाट पाहू नये, ते यासाठी.

पोलंडमध्ये कोविडच्या काळात अमँटाडिनला पुन्हा एकदा चमत्काराचं औषध ठरवलं गेलं. मागणी इतकी वाढली की कंपवाताच्या रुग्णांना ते मिळेना, सरकारला विक्रीवर मर्यादा घालावी लागली आणि शेवटी रुग्णांवरच्या चाचणीत उपयोग काही दिसला नाही. औषधाची खरी गरज असलेला माणूस अशा वेळी दुकानातून रिकाम्या हातानं परततो, याचा विचार सांगोवांगी औषध विकत घेणाऱ्यानं जरूर करावा.

कंपवाताच्या रुग्णाला स्वतःला फ्लू झाला तर काय? तो आधीपासून अमँटाडिन घेत असेल तर ते ठरल्याप्रमाणे चालू ठेवायचं. ताप आला म्हणून एक कॅप्सूल जास्त घ्यायची नाही आणि "आधीच फ्लूचं औषध चालू आहे" म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. तापात, अंगातलं पाणी कमी झाल्यावर कंपवाताची लक्षणं तात्पुरती वाढतात. काल हाताला धरून चालणारा माणूस आज उठूच शकत नाही, असं दिसतं. आजार एकदम पुढे गेला असं समजून घरचे गोळ्या वाढवतात. खरं तर आधी ताप, पाणी आणि लघवी यांकडे पाहायला हवं.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा हे त्यावरचं मुख्य औषध. काही वर्षांनी अनेकांमध्ये त्याचा एक त्रास सुरू होतो: गोळीचा असर भरात असताना मान, खांदे, हात आपोआप वळवळू लागतात, माणूस बसल्या जागी डोलत राहतो. अमँटाडिन मेंदूतल्या ग्लुटामेटच्या ग्राहींना आवर घालतं, डोपामिनच्या कामालाही थोडा हातभार लावतं आणि या नको असलेल्या हालचाली कमी करतं. आज त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच मानला जातो. सुरुवातीच्या सौम्य कंपवातातही ते कधीकधी एकटं दिलं जातं. नेहमीचा डोस दिवसाला शंभर ते दोनशे मिलिग्रॅम. दुसरी कॅप्सूल दुपारी चारच्या आत घेतलेली बरी, कारण रात्री घेतली तर झोप उडते.

आता मूत्रपिंडांकडे येतो. औषधांच्या सुरक्षिततेबद्दल लिहिताना दुष्परिणामांची भली मोठी यादी देण्याची पद्धत आहे. अमँटाडिनच्या बाबतीत त्या यादीतल्या बहुतेक ओळींच्या मागे एकच कारण उभं असतं. बहुतेक औषधांचं यकृतात रूपांतर होतं, मग ती बाहेर पडतात. अमँटाडिनचं तसं नाही; ते सुमारे नव्वद टक्के जसंच्या तसं लघवीतून जातं. टाकीत नळ रोज तेवढाच सोडला आणि खालची मोरी अर्धी तुंबली, तर पाणी वर चढतच राहणार. तरुण, धडधाकट माणसाच्या रक्तातलं अमँटाडिन सुमारे सतरा तासांत निम्म्यावर येतं. वृद्धांना त्याला एक दिवसाहून जास्त लागतो. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या माणसांत हाच काळ सरासरी आठ दिवस होतो आणि डायलिसिसनंही ते फारसं निघत नाही.

आणि इथे एक फसगत आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ आलं की पुढे "नॉर्मल" असं लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आयुष्यभर मागावर बारा-बारा तास उभं राहून वाळलेल्या, पंचेचाळीस किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाकडे स्नायूच किती उरलेले असतात? डॉक्टर वापरतात ते साधं सूत्र असं आहे: १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनानं गुणायचं आणि त्या गुणाकाराला ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं. पंचाहत्तर वर्षांचा पुरुष, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.१. उत्तर येतं ३७. स्त्री असेल तर त्याला ०.८५ नं गुणायचं, म्हणजे ३१. हा आकडा मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळून स्वच्छ होतं ते सांगतो. तरुणपणी तो शंभरच्या आसपास किंवा वर असतो. ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर अमँटाडिन पहिल्या दिवसानंतर रोज फक्त शंभर मिलिग्रॅम द्यावं असं औषधाची अधिकृत माहिती सांगते. १५ ते २९ असेल तर शंभर मिलिग्रॅम एक दिवसाआड. त्याखाली ते टाळणंच शहाणपणाचं. म्हणजे "नॉर्मल" रिपोर्टवाल्या आपल्या या माणसाला दिवसाला दोन कॅप्सूल चालू असतील तर त्या दुप्पट आहेत. हे गणित रुग्णानं स्वतः करून डोस बदलायचा नाही. पण ते करता येतं हे त्याच्या मुलाला किंवा सुनेला ठाऊक असलं, तर पुढच्या भेटीत "बाबांचं वजन एवढं आहे, क्रिएटिनिन एवढं आहे, कॅप्सूलचा डोस बरोबर आहे ना?" असं विचारता येतं. असं विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

भिवंडीत हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मागांची घरघर आणि उकाडा यांत दिवस काढणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, लघवी कमी होते, औषध साचतं. सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल (कंपवातात ते बऱ्याचदा असतं) तर घामही नीट येत नाही आणि अंग तापतं. मग लघवीला जळजळ होते. उन्हाळी लागली म्हणून मेडिकलमधून ते गोड-आंबट सायट्रेटचं सिरप आणलं जातं किंवा खायच्या सोड्याचं पाणी प्यायलं जातं. दोन्हींमुळे लघवी अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी लघवीतून अमँटाडिन कमी बाहेर पडतं. तीन निरुपद्रवी गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र येतात आणि चौथ्या दिवशी म्हातारा माणूस भिंतीवर मुंग्यांची रांग आहे म्हणून हातानं झटकत बसतो.

पावसाळ्यात वेगळंच. तीन बत्तीच्या बाजारात पाणी भरतं, सखल वस्त्यांतून लोक गुडघाभर पाण्यातून चालतात. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो आणि तो मूत्रपिंडांवर घाला घालतो. डेंग्यू, मलेरिया, जुलाब यांतही पाणी कमी होऊन मूत्रपिंडांचं काम मंदावतं. त्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकची सुई दिली गेली तर मूत्रपिंडांवर आणखी ताण. म्हणून अमँटाडिन घेणाऱ्याला ताप किंवा जुलाब लागले की पहिल्या दिवशीच डॉक्टरांना औषधाचं नाव सांगायचं. लघवी खूप कमी होणं, झोपेतून न उठणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर रक्ततपासणीसाठी थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

त्या मुंग्यांबद्दल थोडं अधिक. खोलीत कुणीतरी बसलंय, लहान मुलं खेळताहेत, अंगावर किडे चढताहेत असे भास अमँटाडिनमुळे होऊ शकतात, कंपवातामुळेही होतात. घरच्यांना ते बाहेरचं काही वाटतं आणि दोन-तीन आठवडे तशाच उपायांत जातात. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. आजवर शांत असलेला बाप रात्री तीनला ओरडू लागला तर माणूस घाबरणारच. पण हा औषधाचा परिणाम असू शकतो, डोस कमी केला तर तो जाऊ शकतो, हे त्या घाबरलेल्या घराला कुणीतरी वेळीच सांगायला हवं. आणखी एक धोका रुग्णालयात असतो. बडबडणाऱ्या रुग्णाला शांत करायला हॅलोपेरिडॉलची सुई देण्याची सवय आहे. कंपवाताच्या रुग्णाला ती दिली तर शरीर लाकडासारखं ताठ होऊ शकतं. "यांना कंपवात आहे, हॅलोपेरिडॉल नको" हे वाक्य सोबत गेलेल्या माणसानं दारातच सांगावं.

काही परिणाम सौम्य असतात आणि उगाच घाबरवतात. पायांवर जांभळट जाळीसारखी नक्षी उमटते. ती दिसायला भीतीदायक असली तरी सहसा त्रास देत नाही आणि औषध कमी केल्यावर फिकी होते. घोटे सुजतात. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर तीही घोटे सुजवते, तेव्हा नेमकं कोण कारण आहे ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी तुंबणं, उठताना चक्कर येणं हे होतं. पलंगावरून उठण्यापूर्वी मिनिटभर कडेला बसून राहिलं तर पुष्कळशी पडझड टळते. क्वचित दिवसा अचानक झोप लागते. चालू मागाजवळ काम करणारा किंवा रिक्षा चालवणारा रुग्ण असेल तर हे गांभीर्यानं घ्यायला हवं. नव्यानं जुगाराची किंवा उधळपट्टीची ओढ लागली, जगणं नकोसं वाटू लागलं, तरी तेही औषधाशी जोडून पाहावं आणि लगेच सांगावं.

सोबतच्या औषधांचा विषय याहून मोठा आहे, आणि माझ्या मते भारतात तो सर्वांत दुर्लक्षित आहे. अॅसिडिटीसाठी रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड घातलेली कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते आणि एकदा दिलेली चिठ्ठी दाखवून लोक ती वर्षानुवर्षं घेतात. लेव्होसल्पिराइड डोपामिनच्या ग्राही अडवतं. वयस्कर माणसाचे हात त्यानं थरथरू शकतात, चाल आखडू शकते, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू होऊ शकतात. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्कर किंवा अर्धशिशीवरची सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांचीही तीच तऱ्हा. मग त्या थरथरीला कंपवात समजून अमँटाडिन सुरू होतं. एका गोळीचा त्रास दुसरी गोळी निस्तरते. हात थरथरतो म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना पोटाच्या, चक्करेच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट घरातली सारी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. लेव्होसल्पिराइडसारखं औषध बंद केल्यावर काही महिन्यांत बऱ्याच जणांची थरथर ओसरते आणि जन्मभराचं निदानच गळून पडतं. ज्याला खराच कंपवात आहे त्याला उलटीसाठी डॉक्टर बहुधा डोम्पेरिडोन पसंत करतात, तेही हृदयाची काळजी घेऊन.

सर्दी-खोकल्याची औषधं दुकानात मागितली की मिळतात, म्हणून त्यांत धोका नाही असं वाटतं. सर्दीच्या मिश्र गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. अमँटाडिनसोबत ते तोंड आणखी कोरडं करतं, लघवी तुंबवतं, म्हाताऱ्या माणसाला गोंधळवतं. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतल्या अमँटाडिनच्याच ग्राहींवर काम करतं, तेव्हा ही जोडी टाळलेली बरी. आणि कंपवातासाठी रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर ते सिरप घ्यायचंच नाही. ताप-सर्दीला साधं पॅरासिटामॉल, वाफ, गरम पाणी आणि डॉक्टरांचा सल्ला एवढं बहुधा पुरतं. दारू अमँटाडिनसोबत वर्ज्य.

आयुर्वेदिक औषधांबद्दलही सांगायला हवं, कारण ती लपवली जातात. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, खरोखरच लेव्होडोपा असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्येच दाखवून दिलं होतं आणि १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हे चूर्ण थोतांड नाही, ते औषध आहे. आणि ते औषध आहे म्हणूनच लेव्होडोपाच्या गोळ्यांवर वरून चमचाभर चूर्ण घेतलं तर डोस वाढतो, हातपाय वळवळू लागतात, भास होतात. वैद्यांकडून घेत असाल तर मेंदूच्या डॉक्टरांना सांगा. रागावतील या भीतीनं गप्प राहू नका.

अमँटाडिन एकाएकी बंद करणं हा सुरू करण्याइतकाच गंभीर निर्णय आहे. पद्मानगरातलं कुटुंब सुट्टीत तेलंगणातल्या गावी जातं, मागावरचा कामगार उत्तर प्रदेशची गाडी पकडतो, तिथे ती कॅप्सूल मिळत नाही आणि महिनाभर औषध सुटतं. किंवा रुग्ण दुसऱ्याच कारणानं रुग्णालयात दाखल होतो आणि घरच्या गोळ्या घरीच राहतात. काही दिवसांत अंग कमालीचं ताठरू शकतं, शुद्ध हरपू शकते, ताप चढू शकतो. हा ताप जंतूंचा नसतो, औषध तुटल्याचा असतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. भर पावसाळ्यात त्याला मलेरिया समजून सलाईन लावली जाते आणि खरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. प्रवासाला निघताना परतीच्या दिवसांपेक्षा दोन आठवड्यांच्या जास्त कॅप्सूल सोबत घ्याव्यात. औषध थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करत थांबवावं. ताप आणि ताठरपणा एकत्र दिसले तर गोळ्या कधीपासून सुटल्या ते सर्वांत आधी सांगावं.

फ्लूपासून खरं संरक्षण दरवर्षी घ्यायच्या लसीत आहे, आणि कंपवाताच्या वयस्कर रुग्णानं तिच्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं. इथेही अमँटाडिनची एक गाठ आहे. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं स्वाइन फ्लूसाठी नाकात सोडायची लस आणली होती. तीत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात. अमँटाडिन घेणाऱ्यानं अशी जिवंत लस टाळायची. दंडात टोचायची निष्क्रिय विषाणूंची लस मात्र चालते. लस देणाऱ्याला हे विचारून घ्यावं.

कंपवाताच्या घरांना एकमेकांचा आधार लागतो. मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून आधारगट चालवते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून काम करतं. औषधानं त्रास झाला तर तो कळवण्याचा हक्क रुग्णालाही आहे. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. बोस्टनच्या त्या बाईंनी चांगला परिणाम सांगितला होता. वाईट परिणाम सांगणारेही तितकेच गरजेचे आहेत.

शेवटची गोष्ट लहान मुलांच्या घरासाठी. दहा कॅप्सूलच्या पाकिटात एक ग्रॅम अमँटाडिन असतं, आणि एवढ्या मात्रेनं मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यावर थेट उतारा नाही. भिवंडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत औषधांना वेगळं कपाट नसतं हे खरं, पण उशाशी किंवा टीव्हीवर ठेवलेलं पाकीट रांगत्या मुलाच्या हाती सहज लागतं. झाकणाचा डबा घेऊन तो वरच्या फळीवर, मोठ्यांच्याच हाताला लागेल असा ठेवावा. मुलानं गिळलीच असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये. उरलेलं पाकीट हातात घेऊन सरळ इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं जे रुग्णालय असेल ते गाठावं, आणि किती कॅप्सूल कमी आहेत ते डॉक्टरांना मोजून दाखवावं.